स्ट्रॅटचा ब्रिज बदलला, त्याची हकिकत

माझी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे स्क्वायर ॲफिनिटी स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर), 2008 सालची. चीनमध्ये बनलेली, बॉडीवर तारा अडकवायचा ट्रेमोलो ब्रिज, सहा स्क्रूंवर बसलेला आणि दांड्याने झुलणारा, आणि तारा पिळून ताणायचे बंद पाठीचे साधे ट्यूनर. नेक, म्हणजे गिटारची मान, मात्र पहिल्यापासून उत्तम आहे, सरळ, हातात बसणारी, तिच्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्याही अजून शाबूत. ठाण्याची दमट हवा आणि हाताचा घाम यांनी बाकी धातूची वाट लावली होती. सॅडलची (ब्रिजवर प्रत्येक तार जिथे टेकते त्या तुकड्याची) उंची ठरवणारे बारीक स्क्रू गंजून जाम झाले होते, त्यामुळे ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमीजास्त करायची सोयच उरली नव्हती. ट्रेमोलोचा दांडा एकदा दाबून सोडला की तिसरी तार हमखास चढलेली परत यायची. नवी गिटार घ्यावी की हिचंच हार्डवेअर बदलावं यात बरेच महिने गेले. नेकवरचा जीव काही सुटेना, म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये हीच सुधारायची ठरवली आणि जूनमध्ये काम पुरं झालं. मापं, खर्च, कस्टमची कागदपत्रं असं सगळं एका जागी मराठीत मला कुठे सापडलं नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

खरेदीच्या आधी वांद्र्याला गिटार दुरुस्त करणाऱ्या एका अंकलकडे गेले. म्हटलं, "अंकल, ब्रिज बदलायचाय, कोणता घेऊ सांगा." त्यांनी गिटार मांडीवर घेतली, सूर दाखवणारा काट्याचा ट्यूनर जोडला, दांडा खाली दाबून सोडला. तिसरी तार चढलेली दिसली. मग त्यांनी तीच तार बोटाने फ्रेटवर जोरात वर खेचून सोडली. नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे, "टिक्" असा बारीक आवाज झाला आणि काटा बरोबर मधे येऊन थांबला.

"बघितलंस ना? अर्धा आजार इथे आहे बेटा. ब्रिज घे, पण नट हाच ठेवलास तर पैसे पाण्यात."

कारण त्यांनी समजावलं ते असं. दांडा दाबला की तारा सैल पडतात आणि नटवरून किंचित ट्यूनरच्या बाजूला सरकतात. दांडा सोडल्यावर त्या तेवढ्याच परत यायला हव्यात. नटची खाच अरुंद किंवा खरबरीत असेल तर तार तिथेच अडकते आणि वाजणारा भाग जास्त ताणलेला राहतो. तार खेचली की ती सुटते. म्हणून दांडा दाबल्यावर तारा चढून परत येत असतील तर आधी नटवर संशय घ्यायचा. ट्यूनर पिळताना टिंग टिंग आवाज येत असेल तरीही तेच. ही तपासणी घरी होते, तिला पैसे लागत नाहीत.

ब्रिजही बदलायला झाला होताच. लिओ फेंडरने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टरसोबत आणलेली ही रचना आहे. ब्रिजची पट्टी पुढच्या बाजूने सहा स्क्रूंना टेकलेली असते आणि त्यांच्याभोवती झुलते, खाली पोकळीत जड ब्लॉक आणि त्याला मागून ओढणाऱ्या स्प्रिंग. स्क्रू जिथे पट्टीला टेकतात तिथली कड स्वच्छ आणि धारदार असली तरच ब्रिज दर वेळी त्याच जागी परत येतो. माझ्या पट्टीच्या भोकांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, आणि मुळातला ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचा, पातळ होता.

इथून पुढे पहिलं काम मापांचं. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर डिजिटल कॅलिपर, ॲलन की आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असं सगळं एकाच गल्लीत मिळालं. साधारण 2000 रुपये गेले. ॲलन की घेताना मिलिमीटरचा आणि इंचाचा असे दोन्ही संच घ्या. आशियात बनलेल्या ब्रिजच्या सॅडलना बहुधा 1.5 मिमीची लागते, अमेरिकन ब्रिजना 0.050 इंचाची. जवळपासची चावी घालून फिरवली की स्क्रूचं षटकोनी भोक गोल होतं आणि मग तो कशानेच निघत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे सहापैकी पहिल्या आणि शेवटच्या स्क्रूच्या मध्यांमधलं अंतर. जुन्या अमेरिकन पद्धतीच्या स्ट्रॅटवर ते साधारण 56 मिमी असतं, माझ्या स्क्वायरवर 52.5 मिमी भरलं. हे साडेतीन-चार मिलिमीटर चुकले तर जुनी भोकं बुजवून नवी पाडावी लागतात. "स्ट्रॅटसाठी" एवढंच लिहिलेला ब्रिज म्हणूनच घेऊ नये. विक्रेत्याने मिलिमीटर दिले नसतील तर विचारावं, उत्तर आलं नाही तर दुसरा विक्रेता बघावा.

दुसरं माप बॉडीच्या जाडीचं. पूर्ण मापाची स्ट्रॅट साधारण 45 मिमी जाड असते, माझी 40 मिमी भरली. पूर्ण लांबीचा स्टील ब्लॉक हिच्यात घातला असता तर मागून बाहेर डोकावला असता, म्हणून आखूड, 36 मिमीचा शोधला. ब्लॉकची जाडीही बघावी लागते. जाड ब्लॉक अरुंद पोकळीत बसतो खरा, पण दांडा दाबला की भिंतीवर आपटतो. मी पोकळीचं पुढे-मागे अंतर मोजून कागदावर आकृती काढली आणि ती आकृतीच विक्रेत्याला पाठवली.

ट्यूनरचं माप घेताना आधी हेडस्टॉकवरची, म्हणजे नेकच्या डोक्यावरच्या भोकांतली, बुशिंग (धातूच्या कड्या) काढली. भोक 9 मिमीपेक्षा थोडं कमी होतं. मला हवे असलेले गोटो कंपनीचे, तार आवळून धरणारे लॉकिंग ट्यूनर 10 मिमीच्या भोकाचे. एवढं रुंद करून घ्यायचं काम अंकल करणार होते, तेव्हा ते घ्यायचे ठरवले.

9 मार्चला जपानमधल्या एका विक्रेत्याकडे ऑर्डर दिली. मुंबईत तारा, पिक, केबल लागेल तेवढ्या मिळतात. धोबी तलावच्या जेर महालातलं फुर्तादोसचं दुकान माझं नेहमीचंच. त्याच इमारतीत गोव्याच्या गावांचे कुड्ड आहेत, मुंबईत बोटीवर किंवा बँडमध्ये काम शोधायला आलेले गोंयकार तिथे उतरायचे, आणि तिथे तारा घ्यायला मला मनापासून आवडतं. पण 52.5 मिमी आणि आखूड ब्लॉक असं दोन्ही जुळणारा ब्रिज मला शहरात मिळाला नाही. भाग सुमारे 14,300 रुपयांचे झाले (ब्रिज 7500, ट्यूनर 6800) आणि कुरिअर 2900.

आता कस्टम. पार्सल मुंबईत पोहोचलं आणि केवायसीसाठी एसएमएस आला. कुरिअरने परदेशातून काही मागवलं की घेणाऱ्याची ओळख द्यावी लागते, आधार किंवा पॅनची प्रत चालते. अशाच मजकुराचे बनावट एसएमएसही फिरत असतात, म्हणून त्यातल्या लिंकवर गेले नाही. कुरिअर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग क्रमांक टाकला आणि तिथून कागद चढवले. दोन दिवसांनी विचारणा आली की बिलावरची किंमत खरी आहे याचा पुरावा द्या. कार्डाच्या स्टेटमेंटचं ते पान आणि ऑर्डरची पावती पाठवली. बाकीचे व्यवहार झाकले, पण नाव, तारीख आणि रक्कम उघडी ठेवली. नाव आधारवरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. माझ्या ऑर्डरवर मधलं नाव नव्हतं, त्यावरून आणखी एक ईमेल झाली. त्यात मार्चअखेर, शनिवार-रविवार आणि 30 तारखेला पाडवा. ट्रॅकिंगवर रोज तेच एक वाक्य दिसायचं आणि जीव टांगणीला लागायचा. बिलावर मालाचं वर्णन मोघम असेल तर प्रश्न वाढतात. विक्रेत्याला आधीच सांगून "गिटारचे सुटे भाग, धातूचे" असं स्पष्ट लिहून घेतलं होतं, त्यामुळे वर्गवारीवरून तरी काही निघालं नाही.

शुल्काचा हिशेब बऱ्याच जणांना धक्का देतो, म्हणून थोडा सविस्तर सांगते. शुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही, त्यात वाहतूक आणि विमाही धरतात. त्या रकमेवर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. वर कुरिअरचं स्वतःचं हाताळणी शुल्क आणि त्यावर जीएसटी. मला सगळं मिळून 5900 रुपये भरावे लागले. म्हणून खर्च ठरवताना माल अधिक वाहतूक या बेरजेवर आणखी निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. पैसे ऑनलाइन भरले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पार्सल घरी आलं. शुल्क भरल्याची पावती जपून ठेवा, भाग परत पाठवायची वेळ आली तर तीच लागते.

पेटीतला ब्रिज जड, स्वच्छ, कडा अगदी धारदार. दांडा मात्र ब्लॉकमध्ये जाईना. एक-दीड आटा फिरला आणि अडला. ब्लॉकला अमेरिकन 10-32 आटे होते आणि विक्रेत्याने दांडा एम-5, म्हणजे मिलिमीटरच्या मापाच्या, आट्यांचा पाठवला होता. दोन्हींची जाडी आणि आट्यांमधलं अंतर इतकं जवळजवळ सारखं आहे की थोडा जोर लावला तर आत जाईलही, आणि जाताना ब्लॉकमधले आटे कायमचे खराब करेल. तिथेच थांबले, फोटो काढून पाठवले. त्यांनी वाद न घालता बरोबर दांडा साध्या टपालाने धाडला, तो मेच्या मध्यावर आला. तोवर बाकीची कामं उरकली.

एप्रिलमध्ये गिटार आणि ट्यूनर घेऊन पुन्हा अंकलकडे. भोकं रुंद करायला त्यांनी ड्रिल हातात घेतलं नाही. निमुळता रीमर, त्यावर हव्या त्या जाडीच्या जागी चिकटपट्टीची खूण, आणि नुसत्या हाताने अर्धा-अर्धा फेरा. पुढून थोडं, मग मागून थोडं, म्हणजे भोक एका बाजूला निमुळतं राहत नाही आणि वार्निशचा टवकाही उडत नाही. दर काही फेऱ्यांनी ते भुसा फुंकून ट्यूनर घालून बघत. "लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही," एवढंच मधे एकदा म्हणाले. ड्रिलचं पातं लाकडात पकडतं आणि हेडस्टॉक फुटू शकतो. हे काम स्वतः करायचं असेल तर आधी फुकट लाकडाच्या तुकड्यावर हात बसवा.

नट त्यांनी हाडाचा केला. माझ्या नटची रुंदी 42 मिमी. तयार नट मागवणार असाल तर रुंदीबरोबर तळ सपाट आहे की बाकदार हेही बघा, स्ट्रॅटचे नट दोन्ही तऱ्हेचे येतात. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते आणि त्या कानशींचा संच नटच्या कितीतरी पट महाग, तेव्हा एका गिटारीसाठी तो घेण्यात अर्थ नाही. नट आणि भोकं मिळून 1500 रुपये झाले. घरी आल्यावर खाचांमध्ये टू-बी पेन्सिलीचं शिसं घासलं, ते आता दर वेळी तारा बदलताना करते.

ब्रिज मेमध्ये मीच बसवला. सुट्टीचा अख्खा दिवस मोकळा ठेवला आणि सुरू करण्याआधी प्रत्येक जागेचे फोटो काढले. जुन्या तारा सगळ्या एकदम कापू नका. आधी सैल करा, नाहीतर स्प्रिंग ब्रिजला झटक्याने मागे ओढतात. मागचं झाकण काढून स्प्रिंग पकडीने सोडवल्या. सहापैकी एक स्क्रू नुसताच गरगर फिरत होता, लाकडातले आटे गेले होते. त्या भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या टूथपिक गच्च भरल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी तिथे बारीक भोक पाडून घेतलं. नव्या स्क्रूंच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळलं की ते जुन्या लाकडात सहज जातात, डोकं पिळवटत नाही.

सहा स्क्रू किती घट्ट करायचे यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. पाचर मारल्यासारखे आवळले तर ब्रिज झुलतच नाही. मी प्रत्येक स्क्रू पट्टीची मागची कड जेमतेम उचलू लागेपर्यंत खाली नेला आणि किंचित परत सोडला. मग कडेचे दोन तसेच ठेवून मधले चार आणखी अर्धा फेरा वर घेतले. भार दोन टोकांवर येतो आणि घर्षण कमी होतं.

जुना क्लॉ, म्हणजे मागे स्प्रिंग अडकवायची पट्टी, तसाच ठेवायचा होता, कारण अर्थची तार त्यालाच जोडलेली असते. पण हात लागताच तो जुना सांधा सुटला. क्लॉ हा धातूचा मोठा तुकडा, तो उष्णता ओढून घेतो. घरातल्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील नुसतं गोळा होऊन ओघळत होतं. शेजारच्या दादांकडून 60 वॅटचं आणलं, क्लॉवरची जागा सँडपेपरने चमकवली, तेव्हा पहिल्या झटक्यात बसलं. मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावून बीप येते का बघा. बीप आली नाही तर अँप लावल्यावर गुणगुण ऐकू येणार.

तारा 9-42 च्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), स्प्रिंग तीन. 9-42 च्या संचाचा एकूण ताण जवळपास 38 किलो असतो आणि स्प्रिंगनी तो बरोबर तोलायचा असतो. म्हणूनच तरंगत्या ब्रिजवर एक तार लावली की बाकीच्या उतरतात, त्या लावल्या की पहिली पुन्हा उतरते. यात तास घालवण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. ब्रिजची मागची कड बॉडीपासून साधारण 3.2 मिमी वर असावी असं फेंडरच्या मार्गदर्शनात आहे. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरहून किंचित जाड असतं, चार जुनी कार्डं एकावर एक ठेवली की 3 मिमी होतात. ती ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवायची, क्लॉचे स्क्रू इतके आवळायचे की कड कार्डांवर दाबून बसेल आणि तारा ती वर उचलणार नाहीत. मग निवांत सगळ्या तारा सुरात लावायच्या. त्यानंतर क्लॉचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने सैल करत जायचं आणि मधे मधे सूर तपासायचा, कार्डं सहज निघू लागली की तोल साधला.

पुढचा क्रम बदलू नये. आधी नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी पकड), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि मधे आठव्या फ्रेटपाशी फीलर गेज. साडेनऊ इंच रेडियसच्या (पृष्ठभागाच्या गोलाईच्या) नेकला 0.25 मिमी. मग सॅडलची उंची, सतराव्या फ्रेटवर तारेखाली 1.6 मिमी. आणि अगदी शेवटी इंटोनेशन, म्हणजे फ्रेट दाबल्यावर सूर खरा येतो का ते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवायचा, मग तीच जागा दाबून. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर नेकच्या दिशेने पुढे. जाड सहाव्या तारेचं सॅडल माझ्याकडे मागे जायला जागाच देईना, स्प्रिंग पूर्ण दबली होती. ती काढून अर्धी कापली आणि परत घातली. गिटार टेबलावर आडवी ठेवून हे करू नका, वाजवताना धरतो तशीच धरून करा, सूर थोडे वेगळे येतात.

नवा दांडा आला तो अलगद बसला. आट्यांत थोडा खेळ होता, नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली आणि खडखड थांबली.

हे होतंय तोवर 26 मेलाच मुंबईत पाऊस दाखल झाला, इतक्या लवकर की कोणाचीच तयारी नव्हती. हवेतला दमटपणा एकदम वाढला आणि नेकचा बाक बदलला, तारा खाली आल्या, पहिल्या तीन फ्रेटवर खडखडाट. घाबरून लगेच ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) फिरवला नाही. आठवडाभर गिटारला नव्या हवेत स्थिरावू दिलं, मग पाव फेरा सैल केला आणि ॲक्शन-इंटोनेशन पुन्हा बघितलं. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हे काम शक्यतो पाऊस स्थिरावल्यावर किंवा दिवाळीनंतर काढावं, म्हणजे सेटिंग दोनदा करावं लागत नाही.

एकूण खर्च, नव्या तारांचे 650 धरून, 27,000 च्या थोडा वर गेला. या गिटारीची विक्रीची किंमत त्याच्या निम्मीही येणार नाही, तेव्हा विकायच्या गिटारीवर हे करू नये. नेक मनाजोगी असेल तरच करावं. सुराच्या बाबतीत फरक निर्विवाद आहे. दांडा तळापर्यंत दाबून सोडते आणि सहाही तारा जागेवर येतात, सगळा तालमीचा वेळ एकदाही न लावता वाजवता येतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा खूप आनंद झाला, अक्षरशः उठून घरभर फिरले. आवाज मोकळा झालाय आणि सूर जास्त वेळ रेंगाळतो, हे अँप न लावताही कळतं. पण नट, तारा, ब्लॉक सगळं एकदम बदललं, तेव्हा त्याचं श्रेय एकट्या स्टील ब्लॉकला मी देणार नाही. हात आखडता असेल तर नट आणि तारा एवढंच आधी करा, मग महिनाभर वाजवून ब्रिजचं ठरवा. लॉकिंग ट्यूनरचा मुख्य फायदा तारा पटकन बदलण्यात आहे, ते सगळ्यात शेवटी आले तरी चालतात.

जुने ट्यूनर सहाच्या सहा चालू स्थितीत आहेत, बुशिंग आणि स्क्रूसकट. जुनी ॲफिनिटी किंवा तिच्या मापाची गिटार असलेल्या कुणाला हवे असतील तर कळवा, टपालखर्च दिलात की पाठवते.